केबिनीतली ऊब

शिवणी, अकोला
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय इंदूताई,
सप्रेम जयभीम.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुझ्या सुनेला, पौर्णिमाला, मध्ये घालून बाळंतपणाच्या गोष्टी विचारायची मला लाज वाटते. म्हणून पत्र लिहायला बसलो. तुमच्या गल्लीतले खुशालराव कंडक्टर याच रस्त्यावर ड्युटीला असतात, त्यांची एसटी माझ्या गॅरेजसमोरूनच जाते. पत्र नेतो-आणतो म्हणाले. भला माणूस आहे.

आपली प्रियदर्शनी बाळंत झाली. मुलगा आहे. पण आठव्याच महिन्यात आला, जेमतेम पावणेदोन किलोचा. इतके दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होता, आता घरी न्या म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, याला थंडी लागता कामा नये, आईच्या छातीशी धरून ठेवा, ऊब कमी पडली तर बाळाच्या जिवावर बेतेल. प्रियाची मागची पोरगी आपण अशाच थंडीत घालवली. आधी शिंका, मग छाती भरली, आणि संपलं. आता ती रात्रंदिवस बाळाच्या नाकाशी हात धरून बसते.

तिची आई असती तर मी गॅरेजात निवांत पत्रे ठोकत बसलो असतो. सासू तिला नाही. जावई प्रीतम ट्रक घेऊन आसामकडे गेला आहे, त्याला यायला वेळ आहे. तू प्लॅस्टरमध्ये पाय घालून पडलेली. म्हणजे हे बाळंतपण मी करायचं! ट्रकची बॉडी बनवणारा माणूस, मला लहान बाळ कुठून धरतात तेही आठवत नाही.

माझ्या मागच्या दोन खोल्या तू पाहिल्या आहेत. वर टिना, भिंतीच्या आणि टिनांच्या मध्ये हात जाईल एवढी फट. वारा सरळ अंगावर येतो, शिवाय गॅरेजची धूळ. तिथे त्या जिवाला कसं ठेवू? म्हणून माझ्या डोक्यात वेगळंच आलं आहे.

भंगारातून एक स्लीपर केबिन आणल्याचं मी तुला सांगितलं होतं. उलटलेल्या ट्रकची होती, ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही, उगीच शंका काढू नको. जुन्या टेम्पोच्या चेसिसवर बसवून तिचं फिरतं घर करायचं, तुला घेऊन अजिंठा आणि सांची करून यायचं, असं ठरवलं होतं. उन्हाळ्यापासून तिच्यामागे लागलो आहे. चेपलेला पत्रा सरळ केला, सीटा काढून खाली सपाट फळ्या टाकल्या, मागचा झोपायचा बाक रुंद करून त्यावर जाड फोम टाकला. दुहेरी पत्र्याच्या मधे थर्माकोल आणि वरून रेक्झिन. घडीचं टेबल, छोटं कपाट, बॅटरीवर दिवा. आणि केबिन म्हणजे नुसती चाळणी असते ताई. गिअरचं भोक, पेडलांची भोकं, स्टिअरिंगच्या दांड्याचं भोक. एकूण एक मी पत्रा मारून, रबर बसवून बुजवलं. फक्त छताला वीतभर झरोका ठेवला आहे, जाळी लावून.

आत बसलं की बाहेरची थंडी कळतच नाही. माय-लेकराला तिच्यातच ठेवू का? आणि बाकी काय काय करायचं ते सगळं लिही. मला काही म्हणजे काही येत नाही.

तुझा
श्रावण


अमरावती
२६ नोव्हेंबर २०२४

चि. श्रावणास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

मुलगा झाल्याचं वाचून मी एवढ्या मोठ्याने ओरडले म्हणे, की पौर्णिमा पोळी तव्यावर टाकून धावत आली. मला काय कळणार, माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. मग पुढचं वाचलं. पावणेदोन किलो! आपल्याकडे पपई त्याहून जड असते रे.

घाबरू नको म्हणणार नाही, कारण मीच घाबरले आहे. पण घाबरून हातपाय गाळायचे नाहीत. या घराण्यातली सगळी बाळंतपणं मी केली, हेही करीन. पाय मोडला म्हणून काय झालं, हात लिहायला धड आहेत.

केबिनीत ठेवायचं तर ठेव. मात्र मला ट्रकची केबिन चांगली ठाऊक आहे. एकदा नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीला कापसाच्या ट्रकने आले होते, भर थंडीत. खालून असा वारा लागत होता की लुगड्यात पाय गुंडाळून बसले तरी दात वाजत होते. तू कितीही बुजवलं म्हणालास तरी पत्रा तो पत्रा. म्हणून शेगडी ठेवायचीच. आपल्या आईने आम्हा सगळ्या जणींना सव्वा महिना शेगडीची ऊब दिली आणि एकीचीही कंबर अजून दुखत नाही.

कोळसे बाहेर पेटव. चांगले लालबुंद झाले, धूर पार गेला, की मगच शेगडी आत ने. धूर बाळाच्या डोळ्यांना वाईट. निखाऱ्यावर चिमूटभर ओवा आणि शेपा टाक, त्याची धुरी माय-लेकराला दे. दिवसा दोनदा आणि झोपताना शेगडी बाकाजवळच राहू दे. प्रियाच्या कानाला रुमाल बांध. बाळाच्या डोक्यावर टोपरं हवंच. मालिशला शेजारच्या माणिकबाईला सांग, तिचा हात हलका आहे. डिंकाचे लाडू पौर्णिमा करून पाठवते आहे, ते प्रियासाठी आहेत, तुझ्यासाठी नाहीत.

आणि लाज कसली वाटते तुला? विचारत जा. एकेक गोष्ट विचारत जा.

तुझी ताई
इंदू


शिवणी, अकोला
२ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,
जयभीम.

माय-लेकरू केबिनीत राहायला आले. तू सांगितलंस तसंच सगळं चाललं आहे. ड्रायव्हरची सीट होती तिथे पत्र्याचा मोठा ट्रे ठेवून त्यावर शेगडी ठेवली आहे, म्हणजे ठिणगी पडली तरी फोमला लागणार नाही. आत गेलं की दवाखान्यातल्या पेटीसारखं ऊबदार लागतं. प्रिया पहिल्यांदाच थोडी हसली. म्हणाली, "बाबा, भाडं किती घेऊन राहिले या बंगल्याचं?"

लाडू मी एकच खाल्ला. चव पाहायला लागते ना.

पण काल सकाळी बाळाला शिंक आली. लगेच दुसरी. ताई, हातातला पाना माझ्या पायावर पडला तरी मला कळलं नाही. प्रियाने त्याला छातीशी घट्ट धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला बाहेर निघून जावंसं वाटलं. तिचं म्हणणं, झरोक्यातून गार हवा खाली उतरते, थेट डोक्यावर. मी हात धरून पाहिला, खरं आहे. पहाटे तर बर्फासारखी येते.

झरोका बंद करणं काही अवघड नाही. पण मन घेत नाही. आम्ही वेल्डिंगवाले बंद टाकीत कधी शिरत नाही, झाकण उघडं टाकून, हवा खेळवून मगच उतरतो. आत शेगडी आहे, दोन जीव आहेत, श्वासापुरतं एक तरी भोक असावं असं मला वाटतं. तुझं काय मत? तू म्हणशील तसं करतो.

प्रियाचं डोकं दुखतं आहे. उठलं की जास्त दुखतं, दुपारी बाहेर उन्हात बसली की उतरतं. याला काय करू?

तुझा
श्रावण


अमरावती
४ डिसेंबर २०२४

चि. श्रावण,

शिंक आली हे वाचलं आणि जेवण गेलं नाही मला. मागच्या वेळी शिंकेनेच सुरुवात झाली होती, विसरलास? मी तेव्हा तिथे होते. त्या पोरीचे ओठ निळे पडताना मी पाहिले आहेत. तेवढं पुन्हा पाहायची ताकद माझ्यात नाही.

झरोका आजच्या आज बंद कर. बाळाच्या टाळूवर वारा यासारखं वाईट काही नाही. आणि टाकी कुठे, बाळंतिणीची खोली कुठे? बाळंतिणीला टाकीत वेल्डिंग करायचं आहे का? दार दिवसातून दहा वेळा उघडतं, तेवढी हवा पुष्कळ झाली. तुझी अक्कल पत्र्यात चालते, तिथे मी बोलत नाही. बाळंतपणात तू बोलू नको.

प्रियाचं डोकं दुखतं ते त्या वाऱ्यानेच. कानात वारा भरला की असंच होतं. झरोका बंद झाला की थांबेल. उन्हात बसते कशाला? बाहेर काढूच नको तिला. शेगडीत कोळसे थोडे वाढव.

रागावून लिहिलं असेल तर मनावर घेऊ नको. मी इथे खाटेवर पडून छताकडे पाहत असते, आणि डोळ्यांसमोर फक्त ते टोपरं घातलेलं डोकं येतं.

तुझी ताई


शिवणी, अकोला
९ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,
जयभीम.

तुझं ऐकलं. झरोक्यावर पत्रा मारला, कडेने सिलिकॉन भरलं, आतून फोम लावला. दाराचं रबरही जुनं होतं, ते काढून नवीन बसवलं. आता दार लावताना जोर लावावा लागतो, कानांना दडे बसल्यासारखं होतं. मग आमच्या पद्धतीने तपासलं. कुठे हवा जाते का ते पाहायला आम्ही उदबत्ती पेटवून फिरवतो, फट असली की धूर तिकडे ओढला जातो. मी दार लावून सगळ्या कडांनी उदबत्ती फिरवली. धूर जागचा हलला नाही, ताई. सरळ वर गेला आणि छताखाली थांबून राहिला. तीस वर्षांत एवढी पक्की केबिन माझ्या हातून झाली नाही.

त्यानंतर बाळाला एकही शिंक नाही. आणि शहाणा झाला आहे. आधी दर थोड्या वेळाने दूध मागायचा, ओरडायचा. आता झोपतो तो झोपतोच, उठवून पाजावं लागतं, पाजतानाही मधेच झोपतो. रडणं तर विसरलाच. गाल लालसर दिसतात. रक्त वाढलं असावं.

प्रियाचं डोकं मात्र थांबलं नाही, उलट मळमळतं आहे. तू सांगितलंस म्हणून मी तिला बाहेर काढत नाही. दिवसभर पडून असते, विचारलं तर दोन शब्दांत बोलते. बाळंतपणात थकवा असतोच ना?

एक गंमत सांगतो. माणिकबाई मालिशला येते, तिला काल केबिनीतच उलटी झाली. बाहेर येऊन ओट्यावर बसली आणि मला म्हणते, "श्रावणभाऊ, मले गाडी लागते. मी मोटारीत बसतच नाही." मी म्हटलं, "माणिकबाई, गाडी तं उभी हाय, इंजिनच नाही तिले!" तर म्हणते, "उभी असली म्हणून काय झालं, वास तं मोटारीचाच हाय ना." गॅरेजातले सगळे पोट धरून हसले. थोड्या वेळाने बाई ठणठणीत झाली. आज येणार नाही म्हणाली.

मळमळीवर काय देऊ ते लिही.

तुझा
श्रावण


अमरावती
१० डिसेंबर २०२४, सकाळ

श्रावण,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. माणिकबाईचं वाचून मीसुद्धा हसले, पौर्णिमाला दाखवलं, तीही हसली. आज चहा घेताना पुन्हा वाचायला काढलं आणि उदबत्तीच्या ओळीशी थांबले.

धूर जागचा हलला नाही. मग शेगडीतून जे निघतं ते कुठे जातं?

आपल्या नांदगावच्या घरावर मातीचे कवेलू होते, एकावर एक नुसते रचलेले. कुडाच्या भिंती होत्या. दाराच्या फळीतून उजेड यायचा. आई शेगडी ठेवायची तेव्हा घर श्वास घ्यायचं. मला वाटलं तुझी केबिन त्या कापसाच्या ट्रकसारखी असेल. मी बुजव बुजव म्हणत राहिले आणि मला कळलंच नाही की तू खरंच बुजवतो आहेस. कोळसा लाल झाला म्हणजे धूर दिसत नाही, पण त्याचा वायू असतो. बंद खोलीत शेगडी ठेवून माणसं झोपतात आणि सकाळी उठत नाहीत, हे मला ठाऊक आहे, कोणालाही ठाऊक असतं. बाळंतिणीची शेगडी तीच शेगडी आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बाळ रडत नाही. प्रिया बोलत नाही. माणिकबाई बाहेर आली की बरी झाली.

पौर्णिमाला ओरडून बोलावलं आहे. ती तुला फोन लावते आहे. तू उचलत नाहीस. पुन्हा लावला. ती मान हलवते आहे, नाही म्हणून. आता प्रियाचा लावला. वाजतो आहे, असं ती हाताने दाखवते. वाजून बंद झाला.

श्रावण, उचल ना रे.

मला इथून उठता येत नाही. काठी हाताशी आहे पण पाय जमिनीला टेकवता येत नाही. मी काहीच करू शकत नाही, म्हणून लिहिते आहे. लिहिणं थांबवलं तर मी ओरडायला लागेन आणि तेही मला ऐकू येणार नाही.

तुझा पुन्हा लावला. उचलत नाहीस. तू ग्राइंडर चालवत असशील. कानाला कापूस लावून बसला असशील, आणि फोन खुंटीवरच्या शर्टात.

खुशालराव! ते सकाळच्या गाडीवर आहेत. आता मूर्तिजापूरच्या पुढे असतील. तुझं गॅरेज त्यांच्या वाटेवरच आहे. पौर्णिमाजवळ त्यांचा नंबर आहे. मी तिला सांगितलं, "त्याइले म्हणा गाडी उभी करा, दार तोडा, दोघाइले बाहेर काढा."

ती बोलते आहे. मी तिच्या तोंडाकडे पाहते आहे. काय बोलते ते ओठांवरून कळत नाही. तिचा हात कपाळावर गेला आहे. मी विचारते तर ती माझ्याकडे पाहत नाही


अकोला, सरकारी दवाखाना
१३ डिसेंबर २०२४

ताई,

तुझं अर्धवट पत्र खुशालरावांनी आज हातात दिलं. फोनवरून पौर्णिमाने तुला काय काय सांगितलं मला माहीत नाही, म्हणून सगळं लिहितो.

मी ग्राइंडरवरच होतो. केबिनीपासून चार हातांवर. ती आत होती आणि मी बाहेर एका टपाचा पत्रा कापत होतो. हॉर्न वाजत होता, तो थांबेचना, म्हणून मागे वळून पाहिलं, तर भर हायवेवर एसटी उभी आणि खुशालराव पळत येत आहेत. मला वाटलं ते पत्र द्यायला आले. ते ओरडले, "पोरगी कुठं हाय? दार उघडा पहिले!" मी दार ओढलं. आतून कडी होती. प्रियाला हाका मारल्या. उत्तर नाही.

हातोडा घेऊन काच फोडली, ताई. मीच बसवलेली काच. आतली हवा तोंडावर आली, गरम, ओव्याचा वास असलेली. प्रिया बाकावरून अर्धी खाली लोंबत होती. बाळ तिच्या छातीशी बांधलेलं तसंच होतं, टोपरं घातलेलं. मी आधी कोणाला उचलू ते मला कळेना. खुशालरावांनी तिला ओढलं. एसटीतल्या एका बाईने बाळाला माझ्या हातून घेतलं, त्याचे सगळे कपडे सोडले, आणि उघड्यावर, त्या गार वाऱ्यात, त्याचे तळवे चोळत बसली. ज्या वाऱ्याला आपण एवढं भीत होतो त्याच वाऱ्यात त्याने तोंड उघडून श्वास घेतला. मी पाहिलं. एकदा घेतला, मग किती तरी वेळ घेतलाच नाही, मग पुन्हा घेतला.

एसटी तशीच दवाखान्यात आणली. एकाही स्टॉपवर थांबवली नाही आणि एकाही माणसाने तक्रार केली नाही. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या.

प्रियाने दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. बोलते, मला ओळखते. तिला ऑक्सिजन लावला आहे, डॉक्टर म्हणतात ती बरी होईल. बाळ पुन्हा पेटीत आहे. त्याच्याबद्दल डॉक्टर काही सांगत नाहीत. मेंदूला किती काळ हवा मिळाली नाही ते कोणालाच माहीत नाही म्हणतात. हात-पाय हलवतो. रडत नाही. रडलं पाहिजे म्हणतात, आणि तो रडत नाही. मी काचेशी उभा राहून त्याच्या तोंडाकडे पाहतो, दुसरं काही करत नाही.

तुला एक सांगायचं आहे, लपवून ठेवलं तर पुढे आपल्याला बोलता येणार नाही. पहिल्या दिवशी मला तुझा भयंकर राग आला. झरोका बंद कर म्हणाली, म्हणाली, म्हणाली, असं मी मोठ्याने बोलत व्हरांड्यात फिरत होतो. मग राग उतरला. बंद टाकीत शिरायचं नाही हे माझ्या हातांना माहीत होतं. मी तुला लिहिलंही होतं. तरी त्याच हातांनी सिलिकॉन भरलं. तू शंभर किलोमीटरवर खाटेवर होतीस. मी चार हातांवर होतो.

श्रावण


अमरावती
१५ डिसेंबर २०२४

चि. श्रावण,

तुझा राग बरोबर होता. तो उतरवू नको.

पौर्णिमा रोज फोन लावून मला पाटीवर लिहून दाखवते. काल तिने लिहिलं, अजून रडला नाही. मी पाटी पुसू दिली नाही.

यापुढे मला बाळाबद्दल काही विचारू नका. तेल विचारू नका, धुरी विचारू नका, टोपरं विचारू नका. डॉक्टर सांगतील ते करा. मी सगळ्यांची बाळंतपणं केली म्हणून मिरवत होते. त्या जुन्या घरांनी ती केली होती, त्यांच्या फटींनी केली होती. मी नुसती शेगडीशी बसले होते. आता माझा हात सल्ला लिहिणार नाही.

प्रियाला माझं तोंड दाखवायची मला हिंमत नाही. पाय बरा झाला तरी मी अकोल्याला येणार नाही.

इंदू


शिवणी, अकोला
२९ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझं शेवटचं पत्र बाबांनी मला दाखवलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून मी मागून घेतलं. म्हणून आज बाबांऐवजी मी लिहिते आहे.

आम्ही घरी आलो. केबिनीत नाही, माणिकबाईच्या घरी, तिच्या समोरच्या खोलीत. खिडकी उघडी असते, बाळ माझ्या अंगाशी असतो, वरून दोन गोधड्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं पुरतं, पहिल्या दिवशीही एवढंच पुरलं असतं. प्रीतम आला आहे. तो बाबांशी अजून फारसं बोलत नाही, पण काल दोघे एका ताटात जेवले.

बाबा केबिनीकडे पाहत नाहीत. गॅरेजात जाताना मागच्या वाटेने जातात.

बाळ रडला, आत्या. पौर्णिमावहिनीने तुला पाटीवर लिहून दाखवलं असेलच, पण नुसतं 'रडला' लिहिलं असेल. कसं ते मी सांगते. नर्स त्याच्या टाचेतून रक्त घेत होती. आधी त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मग ओठ वाकडा झाला. मग एवढुसा आवाज आला, दार करकरल्यासारखा, आणि मग तो असा ओरडला की पलीकडच्या बाया उठून पाहायला आल्या. बाबा जमिनीवरच बसले. नर्स त्याला उगी करायला गेली तर बाबा म्हणाले, "राहू द्या बाई, रडू द्या त्याले. पोटभर रडू द्या."

आता खूप रडतो. भीती गेली म्हणून नाही सांगत. त्याचे कान, डोळे, सगळं पुढे तपासायचं आहे, तोवर काही सांगता येणार नाही म्हणतात. तो झोपला की मला वाटतं, हा झोपलाच आहे ना? मग मी त्याला हलवून उठवते, तो चिडतो, प्रीतम माझ्यावर चिडतो. मी बंद दाराच्या खोलीत बसू शकत नाही. संडासचं दारसुद्धा मी लोटून घेत नाही, माणिकबाई बाहेर पहारा देते.

तू लिहिलंस की मला काही विचारू नका. मी बाबांवर रागावले, तुझ्यावरही रागावले. दवाखान्यात तुझं नाव निघालं की मी तोंड फिरवायची. पण आत्या, मला आई नाही. मागच्या वेळी माझी पोरगी गेली तेव्हा तू माझ्याजवळ झोपलीस, सव्वा महिना, माझ्या अंगावर हात टाकून. आता तूही हात काढून घेतलास तर मी कोणाकडे पाहू? तुझं चुकलं. मोठं चुकलं. तरी मला तूच पाहिजेस.

डॉक्टरीणबाईंनी आंघोळ घालायला परवानगी दिली आहे. तेवढं सांगून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. माणिकबाई म्हणते, "आण इकडं, मी घालतो," पण मला तिच्या हातात द्यायचा नाही. मला स्वतः घालायची आहे, आणि मला येत नाही. पाटावर बसून त्याला पायांवर कसं घ्यायचं? मान कुठे धरायची? पाणी आधी अंगावर की आधी डोक्यावर? तू लिही, मी ते डॉक्टरीणबाईंना दाखवीन, त्या हो म्हणाल्या की तसं करीन.

खुशालराव उद्या सकाळच्या गाडीवर आहेत. तुझं पत्र येईपर्यंत मी त्याला आंघोळ घालणार नाही.

तुझी
प्रिया